काडी मोडली, मनाचं काय?

भोरच्या एसटी स्टँडवर सकाळची स्वारगेटची गाडी लागली की रोजची मंडळी भराभर चढतात. कॉलेजची पोरं, कापूरहोळला उतरणारे कामगार, पुण्याला दाखवायला निघालेली म्हातारी माणसं. या गर्दीत एखादी बाई अशी असते की जी मला लगेच ओळखू येते. साडी नेसलेली असते ठेवणीतली, पण चेहरा उतरलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेले कागद. सोबत भाऊ, नाहीतर आई. भाऊ असेल तर तो दोन पावलं पुढे चालतो आणि आई असेल तर ती सारखी पदराने तोंड पुसते.

ओळखीचं कुणी विचारतंच, "कुठं निघालीस गं सकाळी सकाळी?"

"दवाखान्यात," ती सांगते.

ती दवाखान्यात चाललेली नसते. ती तारखेला चाललेली असते. नवरा पुण्याला कामाला, म्हणून केसही तिकडेच. पण कोर्ट हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नाही, असं घरातून बजावलेलं असतं. मैत्रिणींनो, गेली कित्येक वर्षं मी हे "दवाखान्यात" ऐकते आहे आणि मला दर वेळी वाटतं, ही बाई खोटं बोलतेय खरी, पण किती खरं बोलतेय! तिला खरोखरच दवाखान्याची गरज आहे. फक्त तिचं दुखणं तापाचं नाही आणि तिकडे तिला न्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

घटस्फोटावर आपल्याकडे बोलणं होतं ते दोनच प्रकारे. एक म्हणजे "चूक कुणाची?" आणि दुसरं म्हणजे "पोटगी किती?" या दोन्हींच्या मधे एक माणूस असतं. त्याला झोप लागत नाही, त्याला घास गिळवत नाही, याची चौकशी कुणी करत नाही. आज मला त्याच माणसाबद्दल बोलायचं आहे.

"बसलेली" कोण?

आपले शब्द बघा जरा. नवऱ्याने सोडलेल्या बाईला आपण म्हणतो "टाकलेली". जणू ती उकिरड्यावरची वस्तू. नाहीतर म्हणतो, "पोरगी माहेरी येऊन बसलीय." बसलीय? वेल्हे खोऱ्यात जा तुम्ही पावसाळ्यात. भातलावणीला सगळ्यात आधी चिखलात उतरते ती हीच बसलेली. गुरांचं शेण काढते, भावाच्या पोरांच्या वेण्या घालते, म्हाताऱ्या आईचं करते, वहिनीचं बाळंतपण काढते. तिला दिवसभरात बसायला मिळतं ते फक्त रात्री, आणि तेव्हा झोप येत नाही. तरी नाव काय, तर बसलेली!

माझी एक आत्या होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. लग्नानंतर चार वर्षांत ती माहेरी परत आली. नवरा मुंबईला गिरणीत होता, त्याने तिकडे दुसरी केली. त्याने कधी सोडचिठ्ठी दिली नाही, कधी न्यायलाही आला नाही. आमच्या आजोबांनी दोन वेळा माणसं पाठवली, मग तेही गप्प बसले. आक्का चाळीस वर्षं आमच्या घरात राहिली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि डोक्याला कायम एक फडकं बांधलेलं. तिचं डोकं दुखायचं. आम्ही पोरं म्हणायचो, आक्काचं डोकं दुखतंच. जसा पावसाळा येतो तसं तिचं डोकं दुखतं. त्याचं काही कारण असेल, असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

एके दिवशी निरोप आला, तो माणूस मुंबईला वारला. आजीने आक्काला अंगणात बसवलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आणि आक्का अशी रडली, अशी रडली की शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणालीसुद्धा, "अगं, ज्यानं चाळीस वर्षं तोंड दाखवलं नाही, त्याच्यासाठी एवढं काय?"

मी तेव्हा लहान होते, मलाही नवल वाटलं होतं. आज कळतं. ती त्याच्यासाठी रडत नव्हती. ती स्वतःसाठी रडत होती. तिला रडायला पहिल्यांदाच परवानगी मिळाली होती.

ना दहावा, ना तेरावा

माणूस गेलं की आपल्याकडे दुःखाला एक वाट असते. भावकी जमते. चूल पेटवायची नसते, शेजारून भाकरी येते. दहावा होतो, तेरावा होतो, दुखवटा काढायला पाहुणे येतात. रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवायला कुणीतरी असतं. हे सगळं करून लोक तिला सांगत असतात, की तुझं मोठं नुकसान झालंय, आम्हाला ते माहीत आहे.

संसार मोडला की यातलं काहीच नसतं. तिचाही माणूस गेलेला असतो. घर गेलेलं असतं, स्वयंपाकघरातली तिने लावलेली मांडणी गेलेली असते, सासरकडची एखादी लाडकी नणंद, अंगाखांद्यावर खेळवलेला पुतण्या, सगळं एका झटक्यात जातं. उद्याची जी चित्रं मनात होती तीही जातात. पण भाकरी घेऊन कुणी येत नाही. उलट येतात ते चौकशीला. "काय झालं गं नक्की?" आणि पाठ फिरली की, "हिचंच काहीतरी असणार."

अमेरिकेत होम्स आणि राहे नावाच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ताण देणाऱ्या घटनांची एक यादी केली. प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. त्याच्या लगेच खाली घटस्फोट, ७३. आणि त्याच्या खाली वेगळं राहणं, ६५. म्हणजे तुरुंगवास आणि स्वतःचं मोठं आजारपण ही दोन्हीसुद्धा घटस्फोटाच्या खालीच येतात! ही यादी आपल्या खेड्यातली नाही, हे खरं. पण आपल्याकडे हा आकडा कमी नसेल, वाढलेलाच असेल, असं मला वाटतं. 

तिकडच्याच पॉलीन बॉस या बाईंनी आणखी एक गोष्ट मांडली. ज्या नुकसानीचा शेवट कळत नाही, ते दुःख सगळ्यात जास्त दमवतं. माणूस हरवला आहे, पण मेला की जिवंत हे ठाऊक नाही. किंवा माणूस आहे, पण आपला राहिलेला नाही. अशा दुःखाला ना पूर्णविराम मिळतो, ना माणूस पुढे जाऊ शकतं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आक्काच्या डोक्याचं ते फडकं आलं. चाळीस वर्षं तिचं दार ना उघडं होतं, ना बंद.

आपल्याकडे अशा अर्ध्या दारात उभ्या असलेल्या बायकाच जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा नुसत्याच विभक्त राहणाऱ्यांची संख्या देशात अडीचपट-तिपटीच्या घरात निघाली, आणि दोन्हींत पुरुषांपेक्षा बायका जास्त. का जास्त? सोपं आहे. पुरुषाचं दुसरं लग्न पटकन होतं आणि तो पुन्हा विवाहितांच्या रकान्यात जातो. बाई मागे राहते.

डॉक्टर झाली तरी...

हे फक्त अडाणी, गरीब बाईचं होतं असं कुणी समजू नये. डॉ. रखमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, कोर्टात दावा लावला की बायको माझ्या ताब्यात द्या. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपील झालं, केस पुन्हा चालली आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी म्हणाली, तुरुंगात जाईन! साऱ्या देशात गदारोळ झाला. आपल्या पुण्यातल्या टिळकांनीही त्यांच्या विरोधात लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत आणि राजकोटला मिळून सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी बायकांची सेवा केली.

केवढी धीराची बाई! पण याच रखमाबाईंच्या चरित्रात एक नोंद आहे. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रं घेतली. ज्या माणसाच्या घरी एक दिवस नांदल्या नाहीत, ज्याच्याशी कोर्टात झुंजल्या, त्याच्यासाठी! का घेतली, ते त्याच जाणोत. मला मात्र यातून एवढंच कळतं, की कोर्टाचा निकाल एका दिवसात लागतो, मनाचा निकाल लागायला वेळ लागतो. आणि ती बाई कमजोर आहे म्हणून नव्हे, तर ती माणूस आहे म्हणून.

म्हणून घटस्फोट स्वतः मागितलेली बाई रडली, तर "मग मागितलास कशाला?" असं कृपा करून विचारू नका. सुटका आणि दुःख एकाच घरात राहू शकतात. मार चुकला याचा आनंद आणि संसार मोडला याचं रडू, दोन्ही एकाच रात्री येतं. मी एका मुलीला ओळखते, शिरवळच्या कंपनीत कामाला जाते. निकालाला तीन वर्षं झाली. पगार आहे, स्वतःची स्कूटी आहे, सगळं ठीक चाललंय. पण मावसबहिणीच्या लग्नात अक्षता पडायला लागल्या आणि ही मांडवामागे जाऊन हमसाहमशी रडली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं माझं संपलं सगळं. हे परत कुठून आलं?" मी म्हटलं, "जाईल गं. पुन्हा येईल, पुन्हा जाईल. प्रत्येक वेळी थोडं कमी येईल."

शरीर बोलायला लागतं

आपल्या बायकांना "मला उदास वाटतं" असं म्हणायची सवय नाही. म्हणून मग शरीर बोलतं. डोकं दुखतं, पाठ धरते, छातीत धडधडतं, पोटात खड्डा पडतो, हातपाय गळून जातात. तपासण्या केल्या तर रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात, नाटकं करते. कुणाच्या अंगात यायला लागतं. देवीचं नाव घेऊन जे बोलता येतं ते एरवी बोलता येत नाही, हेही त्याचं एक कारण असतं. त्या बाईची टिंगल करू नये, पण नुसता अंगारा लावूनही थांबू नये.

आणि चुकून कुणी म्हणालं की हिला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवूया, तर घरातून पहिली आरोळी काय येते? "म्हणजे काय येरवड्याला न्यायचं का हिला?" अहो, मधुमेहाची गोळी घेणारा माणूस वेडा असतो का? मग झोपेची घडी विस्कटलेली बाई वेडी कशी?

साधी खूण सांगते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, कामात लक्ष लागत नाही, आपण निकामी आहोत असं सारखं वाटतंय, तर तो स्वभाव नाही, ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे, बोलून बरं करण्याचे उपचारही आहेत. आणि जगूच नये असं मनात येत असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि नावगाव सांगायची सक्ती नाही. हा नंबर मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा. स्वतःला नाही लागला तर शेजारणीला लागेल.

आपल्या घरात अशी लेक आलेली असेल, तर तिला एकटीला वरच्या खोलीत सोडून "विश्रांती घेऊ दे" म्हणू नका. जवळ बसा. सल्ला नको, नुसतं बसा. तांदूळ निवडायला घ्या दोघी मिळून. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं.

कागदाचंही औषध असतं

तुम्ही म्हणाल, मनाच्या गोष्टीत कागद कुठून आला? पण मी बघितलंय, अनेकींचं अर्धं दुखणं हे लोंबकळत राहण्याचं असतं. नक्की काय आहे माझं? लग्न आहे की नाही? या प्रश्नाचं उत्तर कागदाने मिळतं.

आपल्या मावळ भागात अनेक जातींत पूर्वीपासून काडीमोड होती. पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की झालं. बाई पाट लावायला मोकळी. बामणांघरी आणि वरच्या म्हणवणाऱ्या घरांत हे नव्हतं, म्हणजे घटस्फोट हे शहरातून आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना आपला इतिहासच माहीत नाही. पुढे मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला, १९५५ मध्ये साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला आणि १९७६ मध्ये त्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय झाली. आमच्या मुसलमान मैत्रिणींसाठीचा लढाही आपल्या मातीतलाच. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात बायकांचा मोर्चा मुंबईत नेला होता, आणि तोंडी तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द केला तो २०१७ मध्ये. मधे एक्कावन्न वर्षं गेली!

आता एक सावधगिरीची गोष्ट. आजही आपल्याकडे दोन्हीकडची चार माणसं बसतात, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, सह्या होतात आणि सगळे म्हणतात, झाला घटस्फोट. मैत्रिणींनो, तशी रूढी तुमच्या जातीत खरोखर चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तरच त्या कागदाला किंमत. नाहीतर कायद्याने लग्न तसंच उभं असतं. पुढे तिने दुसरं लग्न केलं, की तेच अडचणीत येतं. तेव्हा कागद करायचा तर कोर्टातूनच. परस्पर संमतीने असेल तर वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, नंतर सहा महिन्यांची मुदत असते, आणि योग्य प्रकरणात ती मुदतही माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

वकिलाला पैसे कुठून आणू, हा पुढचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. पोटगी मागायला घटस्फोट झालेलाच पाहिजे असंही नाही. नांदवत नाही आणि खर्चही देत नाही, तर बायको पोटगी मागू शकते. पूर्वी सगळे "एकशे पंचवीसची केस" म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १४४ झालं आहे. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची केस चालू असलेल्या आणि पोटगी न मिळालेल्या बायकांचा विचार केलेला आहे. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेतही घटस्फोटित आणि परित्यक्ता हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. तहसील कचेरीत विचारायला लाजू नका.

हे शब्द सरकारी कागदावर आपोआप उमटले नाहीत. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. अ‍ॅडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी टाकलेल्या बायकांना एका मांडवाखाली आणलं. तोपर्यंत प्रत्येकीला वाटत होतं, हे माझ्या एकटीच्याच नशिबात आहे. मांडवात बसल्यावर कळलं, अगं, हिचंही तेच, तिचंही तेच! मनाच्या बरं होण्यातली ही फार मोठी पायरी आहे. "माझंच काहीतरी चुकलं" पासून "आपल्यावर अन्याय झाला" पर्यंत येणं. शिवूरकरांनी या लढ्यावर पुस्तकही लिहिलं आहे, लढा टाकलेल्या स्त्रियांचा. वाचनालयात मागून बघा.

भावांनो, तुम्हालाही दोन शब्द

या पानाचं नाव बायकांचं असलं, तरी घरातले पुरुष ते चोरून वाचतात हे मला माहीत आहे! म्हणून हे त्यांच्यासाठी.

बहीण परत आली, की पहिल्या आठवड्यात घर तिच्या बाजूने असतं. "जीव गेला तरी परत पाठवणार नाही." सहा महिने झाले की आवाज बदलतो. "किती दिवस असं?" आणि मग एके दिवशी हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. आपल्या भोर-वेल्ह्यात जमिनीला काय भाव आलाय ते मी सांगायला नको. पुण्याची माणसं येऊन डोंगरउतारावर प्लॉट घेताहेत. बहिणीच्या एका सहीला लाखांची किंमत आहे. कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा बरोबरीचा वाटा आहे, महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये तो आला. पण "भाऊ पाहिजे का जमीन?" असा प्रश्न तिच्यापुढे टाकला जातो. नवऱ्याने सोडलंय, आता भाऊही तुटेल या भीतीने ती सही करते. माझं स्पष्ट मत आहे, संसार मोडून आलेल्या बाईकडून पहिल्या वर्षात असा कुठलाही कागद सही करून घेऊ नये. तेवढी तरी लाज बाळगावी. आणि बहिणींनो, मन थाऱ्यावर नसताना सही करायची नाही. "विचार करून सांगते" एवढं म्हणायला शिका.

दुसरी घाई असते लग्नाची. "लगेच दुसरं बघून टाकू, म्हणजे विसरेल." विसरत नाही हो. बरेचदा बिजवर, दोन पोरांचा बाप बघितला जातो, कारण "आता हिला कोण करणार?" दुसरं लग्न वाईट आहे असं मी म्हणत नाही. मनासारखं मिळालं तर त्यासारखं सुख नाही. पण जखम भरायच्या आधी नवी चप्पल घातली तर पाऊल आणखी सोलतं. आणि एखादी म्हणाली, मला नकोच लग्न, मी अशीच बरी आहे, तर तेही ऐकून घ्या. एकटी म्हणजे अधुरी नव्हे.

पोरांचं तर फारच जपायला हवं. "तुझा बाप असला, तुझी आई तसली" हे त्यांच्यासमोर नको. त्यांच्या हाती निरोप पाठवू नका. शाळेतून येणाऱ्या पोराला एवढंच समजायला हवं, की आईबाबा वेगळे राहणार आहेत, तुझ्यामुळे नाही, आणि तू दोघांचाही आहेस. आणि हो, सोडलेल्या पुरुषालाही दुःख होतं, हे मी नाकारत नाही. तोही पारावर गप्प बसतो, पिऊ लागतो. त्यालाही डॉक्टर लागतो. पण त्याला हळदीकुंकवाच्या दारातून परत पाठवलं जात नाही, एवढा फरक आहे.

वाण कुणाला द्यायचं?

हळदीकुंकवाचं निघालंच म्हणून सांगते. संक्रांतीला आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं जातं आणि एक दार बरोबर वगळलं जातं. ती बाई खिडकीतून बघत असते, रंगीत साड्या कुठल्या घरात चालल्यात ते. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण त्या संध्याकाळी तिची महिन्याभराची सावरलेली घडी पुन्हा विस्कटते.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एका गावाला जमलं. मग आपल्या ग्रामसभेत परित्यक्ता आणि घटस्फोटित बायकांसाठी एक ओळ का घालता येऊ नये? वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव द्यायचं २०२४ मध्ये सरकारने ठरवलं, आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. नाव मोठं झालं तसं मनही थोडं मोठं करूया की! आणि ठरावाची वाट तरी कशाला बघायची? बचत गटाची मीटिंग असतेच दर महिन्याला. या संक्रांतीला त्या वगळलेल्या दारावर जा आणि तिला पहिलं वाण द्या. खर्च काही नाही. वाटी नाहीतर चमचा, एवढंच.

मी घटस्फोटाची वकिली करत नाही, गैरसमज नको. जो संसार समजुतीने सावरतो तो सावरावाच, त्यासाठी दोन्हीकडच्या मोठ्यांनी झटावं. पण जो तुटलाच आहे, त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला आपण दुसऱ्यांदा तोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पहिला घाव कुणी घातला हे ज्याचं त्याला माहीत. दुसरा घाव मात्र आपण सगळे मिळून घालतो.

आक्का गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिच्या ट्रंकेत तिच्या लग्नातला शालू निघाला, घडीवर विरलेला. तिने तो ना कधी नेसला, ना कुणाला दिला. कुणीतरी तिला एकदा जरी विचारलं असतं, "आक्का, तुला काय वाटतं गं?" तर त्या डोक्याच्या फडक्याची गाठ कदाचित थोडी सैल झाली असती. आम्ही नाही विचारलं. तुमच्या घरात, तुमच्या आळीत कुणी असेल तर तुम्ही विचारा.

आणि उद्या भोरच्या स्टँडवर ती पिशवीवाली बाई दिसली, तर "कुठं निघालीस?" असं विचारू नका. शेजारी जागा द्या. "चहा घेतलास का गं सकाळी?" एवढंच म्हणा. मला खात्री आहे, कापूरहोळचा फाटा यायच्या आत ती तुम्हाला खरं सांगेल, "कोर्टात चाललेय ताई, तारीख आहे." आणि तेव्हा तिला सांगा, "जाऊन ये. आणि येताना जमलं तर खरोखरच दवाखान्यात पण जा. मी येते सोबत."